वाचकांचे प्रश्न : सॉफ्टवेअर बसता बसत नाही

प्रश्न : मी साताऱ्यात भूगोल विषयात पीएच.डी. करते. कोयना धरणाच्या पाणलोट क्षेत्रातील वनाच्छादन उपग्रहचित्रांवरून मोजण्यासाठी मला पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील जीडॅल हे नकाशे व उपग्रहचित्रे हाताळणारे पॅकेज (तयार कोडचा संच) हवे आहे. पॅकेजे बसवणाऱ्या ‘पिप’ या साधनाने ते बसवू लागले की लाल अक्षरांत ‘व्हिज्युअल सी++ आवश्यक’ असा संदेश येतो. तेही कित्येक जीबी खर्चून उतरवले, तर आता वेगळीच त्रुटी येते. आठ दिवस गेले. माझे काय चुकते आहे?

उत्तर : आपले काहीही चुकलेले नाही. जीडॅलचा गाभा सी++ भाषेत लिहिलेला आहे आणि पायथॉनमधून आपण जे वापरतो ती त्या गाभ्याला लावलेली केवळ मूठ आहे. पिप ज्या भांडारातून पॅकेजे आणते तेथे आकडेमोडीच्या नमपायसारखी बरीचशी पॅकेजे विंडोजसाठी तयार बांधून ठेवलेली असतात. जीडॅलचा मात्र तेथे मूळ सोर्सच, म्हणजे चालवण्याआधी संगणकावर बांधून घ्यावा लागणारा लिखित कोडच, मिळतो. दुकानदाराने पिठाऐवजी गहू हाती द्यावेत आणि घरात गिरणी नसावी, अशी ही गत आहे. व्हिज्युअल सी++ हे कोड बांधणारे साधन आणून आपण गिरणीची सोय केलीत, परंतु जीडॅलचा सी++ गाभा, आणि तोही जुळत्या आवृत्तीचा, संगणकावर आधीपासून असावा लागतो, ही अट नवशिक्याला उमगेल अशा शब्दांत त्या लाल ओळींमध्ये लिहिलेली नसते.

ही अडचण एकट्या जीडॅलची नाही. वैज्ञानिक गणनेचा पाया फोरट्रान, सी आणि सी++ या जुन्या भाषांत रचला गेला आहे आणि त्यावर पायथॉनचे मजले चढले आहेत. केवळ पायथॉनचा भाग हाताळून भागत नाही, हे ओळखूनच 2012 साली ‘कोंडा’ हे साधन आले; ते पायथॉनच्या पॅकेजासोबत त्याखालचे सी++ आणि फोरट्रानचे भागही तयार स्वरूपात व जुळत्या आवृत्त्यांत आणते. 2015 पासून ‘कोंडा-फोर्ज’ या सामुदायिक भांडारात स्वयंसेवक अशी पॅकेजे बांधून ठेवत आहेत.

आपण कोंडा सोबत असलेला ‘मिनिफोर्ज’ हा छोटा संच उतरवून घ्यावा. तो थेट कोंडा-फोर्जशी जोडलेला असतो. कोंडासह अनेक पॅकेजे देणारा अ‍ॅनाकोंडाचा मोठा संचही चालतो, परंतु तो आकाराने बराच मोठा आहे आणि मोठ्या संस्थांना त्याच्या परवान्याच्या अटी तपासून पाहाव्या लागतात. मिनिफोर्ज ज्या फोल्डरमध्ये बसवाल त्याच्या मार्गात मोकळी जागा किंवा देवनागरी अक्षरे नसावीत. विंडोजवर आपले खाते मराठीत नावाआडनावासह उघडले असेल, तर सी ड्राइव्हवर साध्या इंग्रजी नावाचा फोल्डर करून त्यात बसवावे. या एका कारणाने वाया गेलेले दिवस मी स्वतः भोगले आहेत.

त्यानंतर प्रबंधासाठी स्वतंत्र ‘एन्व्हायर्नमेंट’, म्हणजे त्या कामापुरत्या पॅकेजांचा वेगळा कप्पा, तयार करावे आणि लागणारी सर्व पॅकेजे एकाच आज्ञेत मागावीत, म्हणजे कोंडा सर्वांचा मेळ एकदम घालतो. एकेक करून मागितल्यास आधीचे पॅकेज नंतरच्याच्या आड येऊ शकते. पायथॉनची नवी आवृत्ती 2019 पासून दर ऑक्टोबरमध्ये येते आणि सर्व पॅकेजे तिच्यासाठी बांधली जाण्यास काही महिने लागतात, म्हणून सर्वांत नवीन आवृत्तीऐवजी तिच्या आधीची घेणे शहाणपणाचे ठरते. एखादे पॅकेज पिपनेच घ्यावे लागले तर ते अगदी शेवटी घ्यावे. काम जमले की एन्व्हायर्नमेंटची यादी फाईलमध्ये उतरवून प्रबंधाच्या फोल्डरमध्ये ठेवावी. उद्या लॅपटॉप बदलला किंवा मार्गदर्शकांना आपले गणित पडताळून पाहायचे झाले, तर तीच फाईल कामी येईल. विंडोज फॉरमॅट करण्याचा सल्ला कोणी दिल्यास तो कानाआड करावा.

प्रश्न : सांगली जिल्ह्यातील आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत वीस संगणक आहेत, पण इंटरनेट मंद आहे. दोन तासांच्या प्रात्यक्षिकातील दीड तास सॉफ्टवेअर बसवण्यातच जातो. काय करावे?

उत्तर : वीस जणांनी तीच गोष्ट वीस वेळा उतरवण्याची आवश्यकता नाही. आपण एका संगणकावर एन्व्हायर्नमेंट पूर्ण तयार करून तपासावे, ‘कोंडा-पॅक’ने त्याची एक गठडी बांधावी आणि पेन ड्राइव्हवरून इतर संगणकांवर सोडवून घ्यावी. मात्र सर्व संगणकांवरील ऑपरेटिंग सिस्टिम एकाच प्रकारची हवी, आणि गठडी सोडवल्यावर ‘कोंडा-अनपॅक’ ही आज्ञा विसरू नये. ही तयारी प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी, विद्यार्थ्याच्या खात्यातून करून पाहावी. शिक्षकाच्या खात्याला ज्या परवानग्या असतात त्या विद्यार्थ्याच्या खात्याला नसतात आणि घोळ नेमका तेथेच होतो. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या गूगल कोलॅबमध्ये बसवाबसवीचा प्रश्न बराचसा मिटतो, परंतु मंद इंटरनेटवर वर्गभर ते चालवणे कठीण आहे, आणि काही वेळ काम थांबले की सत्र बंद होऊन त्यातील तात्पुरत्या फाईली नाहीशा होतात. विद्यार्थ्यांना मराठीतून ऐकवायचे असल्यास आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाची ध्वनिचित्रफीत आधी उतरवून ठेवता येईल.

प्रश्न : द्राक्षबागेच्या नोंदींसाठी ‘आर’ ही सांख्यिकीची संगणकभाषा वापरतो. पॅकेज घेताना ‘सोर्समधून बसवू का?’ असे तो विचारतो. काय उत्तर द्यावे? (तासगाव)

उत्तर : ‘नाही’ म्हणावे. म्हणजे विंडोजसाठी आधीच बांधलेली, किंचित जुनी आवृत्ती मिळेल आणि नोंदींच्या कामाला ती सहसा पुरते. नवीच आवृत्ती हवी असेल, तर आपल्या आरच्या आवृत्तीशी जुळणारे ‘आरटूल्स’ हे सोर्समधून पॅकेज बांधणारे साधन आधी बसवावे लागेल.