'प्लिमथचा मळा' : संपादकांनी खोडला ते बरोबरच, पण...

प्रश्न असा आला आहे: "अनुवाद करताना मी लिहिलं, 'मेफ्लॉवर जहाजातून आलेल्यांनी १६२० साली प्लिमथ इथे मळा काढला, लंडनच्या साहसवीरांनी त्यात पैसे घातले होते.' मूळ इंग्रजीत 'प्लँटेशन' आणि 'अ‍ॅडव्हेंचरर' हे शब्द आहेत. संपादकांनी 'मळा' खोडून 'वसाहत' केलं, 'साहसवीर' तसंच ठेवलं. प्लँटेशन म्हणजे मळाच ना? चहाचा, रबराचा?"

आजच्या इंग्रजीत हो. १६२० च्या इंग्रजीत नाही, आणि प्लिमथ ही अमेरिकेतली इंग्रजांची वस्ती त्याच काळातली. त्या काळी 'प्लँटेशन' म्हणजे रोपांची नव्हे, माणसांची लागवड. परक्या भूमीत आपली माणसं नेऊन रोवायची, ती तिथे रुजली की झालं प्लँटेशन. १६०९ पासून आयर्लंडच्या उत्तरेला अल्स्टरमध्ये स्कॉटिश आणि इंग्रज कुटुंबं नेऊन बसवली, त्यालाही हाच शब्द आहे, आणि तिथे कोणी ऊस लावला नव्हता. इंग्रज लेखक फ्रान्सिस बेकनचा १६२५ चा एक निबंध याच विषयावर आहे. सोबत कोण न्यावं याची त्यात यादीच दिली आहे: माळी, नांगरे, लोहार, सुतार, कोळी, पारधी, थोडे वैद्य, आचारी, भटारी. गुन्हेगार आणि गाळसाळ माणसं घेऊन वसाहत करणं त्याला लाजिरवाणं वाटतं. एकाला रोवण्यासाठी दुसऱ्याला उपटावं लागू नये, असंही तो म्हणतो. प्रत्यक्षात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. प्लिमथ उभं राहिलं तेच मुळी साथीने ओस पडलेल्या, मूळ रहिवाशांच्या पटक्सेट नावाच्या गावाच्या जागेवर.

गंमत म्हणजे 'कॉलनी' या शब्दाच्या मुळाशीही शेतच आहे. लॅटिनमध्ये 'कोलेरे' म्हणजे कसणे आणि 'कोलोनस' म्हणजे कसणारा. आपल्या पोलीस कॉलनीत तुळशीवृंदावनापलीकडे काही कसलं जात नसलं तरी.

आता 'साहसवीर'. माझ्या मते ही चूक मळ्याहून मोठी आहे, आणि संपादकांच्या नजरेतून ती निसटली. या वसाहती राजाने स्वतःच्या खर्चाने काढल्या नाहीत. त्याने फक्त सनद दिली, पैसा कंपन्यांनी उभा केला. व्हर्जिनिया कंपनीला इंग्लंडच्या पहिल्या जेम्स राजाने १६०६ साली सनद दिली आणि पुढच्या वर्षी तिची शंभरावर माणसं अमेरिकेत जेम्सटाउनला उतरली. १६०९ मध्ये या कंपनीचा एक भाग साडेबारा पौंडांचा होता. जो पैसे घालून लंडनलाच बसला तो 'अ‍ॅडव्हेंचरर', म्हणजे जोखीम पत्करून भांडवल लावणारा भागधारक. जो स्वतः जहाजात चढला तो 'प्लँटर', त्याची जोखीम जिवाची. प्लिमथच्या करारात तर माणसाची किंमतच मांडली होती. सोळा वर्षांवरच्या प्रत्येकाचा जीव दहा पौंडांचा, म्हणजे एक भाग. सात वर्षं सगळी कमाई सामाईक, मग वाटणी. हे सामाईक प्रकरण काही फार चाललं नाही. १६२३ मध्येच मक्यासाठी दर घराला जमिनीचे वेगळे तुकडे द्यावे लागले आणि लोक शेतात हौसेने राबू लागले. तेव्हा तुमचा 'साहसवीर' हा घरी शेकोटीपाशी हिशेब बघत बसलेला सावकार आहे.

मग 'मळा' हा अर्थ आला कुठून? तंबाखूतून आणि साखरेतून. व्हर्जिनियात १६१२ च्या सुमारास जॉन रॉल्फने तंबाखू लावून पाहिली. १६१८ पासून जो स्वखर्चाने माणूस आणेल त्याला माणशी पन्नास एकर मिळू लागले. १६१९ च्या ऑगस्टमध्ये वीसेक आफ्रिकी माणसं व्हर्जिनियात विकायला आणली गेली. पुढे १६४० नंतर बार्बाडोसमध्ये ऊस आला, गुलामांच्या कष्टावर चालणाऱ्या मोठमोठ्या जमिनी उभ्या राहिल्या आणि शब्दाला तोच अर्थ चिकटला. तरी जुना अर्थ सरकारी कागदात बराच काळ टिकला. १६९६ मध्ये लंडनला नेमलेल्या मंडळाच्या नावात 'ट्रेड अँड प्लँटेशन्स' असं होतं. त्याचं 'व्यापार व मळे मंडळ' करून बघा.

दोन अर्थांची ही टक्कर अगदी परवापर्यंत चालू होती. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याचं अधिकृत नाव 'ऱ्होड आयलंड अँड प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स' असं होतं. १६६३ च्या सनदेतलं ते नाव, जुन्याच अर्थाचं. पण आज तो शब्द ऐकून गुलामगिरीच आठवते, आणि गुलामांच्या व्यापारात त्या राज्याचे हात चांगलेच बरबटलेले. नावाचं हे शेपूट काढण्याचा प्रस्ताव २०१० मध्ये मतदारांनी फेटाळला आणि २०२० मध्ये मान्य केला.

मराठीत याच जातीची चूक 'फॅक्टरी'ची होते. इंग्रजांनी सुरतेला, राजापूरला 'कारखाना' काढला नव्हता, वखार घातली होती. वखारीत गुमास्ते राहतात, माल साठतो; कुटुंबकबिला नेऊन गाव वसवत नाहीत. मुंबईची गोष्ट जराशी निराळी. १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने हे बेट वर्षाला दहा पौंड खंडाने ईस्ट इंडिया कंपनीला दिलं, तेव्हा ते केंटमधल्या ईस्ट ग्रिनिचच्या जहागिरीप्रमाणे धारण करावं असं सनदेत लिहिलं. व्हर्जिनियाच्या सनदेतही हेच कलम होतं. कारकुनाने जुना मसुदा पुढे ओढला असावा.

'वसाहत' हा शब्द योग्यच, पण त्यात लागवडीचा वास नाही. तो जुन्या मराठी कागदांतल्या 'लावणी-संचणी'त आहे. कौल देऊन रयत आणायची, पडीक जमीन लावायची, गाव आबाद करायचा, हे सगळं त्या एका जोडशब्दात मावतं. मात्र आज 'लावणी' म्हटलं की वाचकाला ढोलकी ऐकू येणार, म्हणून अनुवादात तो वापरू नका. वाक्य मी असं करीन: 'मेफ्लॉवरमधून आलेल्यांनी १६२० साली प्लिमथला वसाहत रोवली, तिच्यात लंडनच्या व्यापाऱ्यांचं भांडवल गुंतलं होतं.'