टेस्टर 'गुड' म्हणतो आणि प्लेट लाल होते? आधी २२० के मोजा

गिटारच्या ट्यूब अँपचं ५० वॉटचं हेड, त्यात ईएल३४ पॉवर ट्यूबची जोडी, वीस मिनिटांनी एका ट्यूबची प्लेट (करंट गोळा करणारा बाहेरचा पत्रा) लालभडक, दुकानातल्या टेस्टरवर मात्र दोन्ही ट्यूब हिरव्या पट्ट्यात, आणि नवी जोडी घालूनही तेच. तुमची पोस्ट वाचली आणि जुनं दुखणं आठवलं. याच दुखण्यात माझ्या दोन जोड्या गेल्या आणि शेवटी आउटपुट ट्रान्सफॉर्मरही. तिसरी जोडी मागवू नका.

कपॅसिटर डिस्चार्ज करणं, एकाच हाताने मोजणं, स्पीकर जोडल्याशिवाय अँप चालू न करणं हे सगळं येतं असं धरून चालतो. येत नसेल तर चेसिस उघडू नका; आत ४५० व्होल्ट असतात.

दुकानात असतो तो टेस्टर बहुतेक वेळा एमिशन टेस्टर. तो ग्रिड (करंट आवरणारी जाळी), स्क्रीन (दुसरी जाळी) आणि प्लेट एकत्र जोडतो, म्हणजे ट्यूबचा डायोड करतो, आणि कमी व्होल्टेजवर कॅथोडमधून (इलेक्ट्रॉन सोडणारा तापलेला भाग) किती करंट निघतो एवढंच बघतो. संपलेली ट्यूब त्यात सापडते. तुमची ट्यूब संपलेली नाही, ती तापल्यावर बिघडते. जुन्या किंवा वाईट बनावटीच्या ट्यूबमध्ये कॅथोडवरचा लेप उडून ग्रिडवर बसतो, ग्रिड तापली की तीच इलेक्ट्रॉन सोडू लागते. काचेत थोडा वायू शिरला असेल तरी परिणाम तोच. ग्रिडमधून करंट वाहिला की निगेटिव्ह बायस (ग्रिडवरचं उणे व्होल्टेज) घटतो, ट्यूब जास्त ओढते, आणखी तापते, आणि चक्र सुरू. दोन मिनिटांच्या टेस्टमध्ये हे दिसणारच नाही.

पण दोष ट्यूबचा नसूही शकतो, आणि माझं नुकसान झालं ते इथेच. फेज इन्व्हर्टरकडून (दोन्ही पॉवर ट्यूबना उलटसुलट सिग्नल देणारा टप्पा) ग्रिडकडे येणारा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर (सिग्नल सोडणारा, डीसी अडवणारा) गळत असेल तरी लक्षण हुबेहूब तेच. त्याच्या पलीकडे साधारण २०० व्होल्ट डीसी असतात, अलीकडे बायसचे उणे ३८. कपॅसिटरचा रोध २० मेगओहम उरला असला तर साधारण १२ मायक्रोअँपिअर गळतात, म्हणजे ग्रिडला बायस पोचवणाऱ्या २२० के (किलोओहम) रेझिस्टरवर अडीच व्होल्ट, आणि तेवढाच बायस कमी. साधा मीटर या कपॅसिटरला चांगलाच म्हणेल, कारण तो त्याला दोन-तीन व्होल्टच देतो.

म्हणून अँपलाच टेस्टर करा. बायसकडून प्रत्येक ग्रिडला जाणारे दोन २२० केचे रेझिस्टर शोधा (काही अँपमध्ये १५० के किंवा १०० के). अँप बंद असताना त्यातल्या एकाच्या दोन्ही टोकांना क्लिप लावा. सॉकेटवर प्रोब टेकवू नका. पिन ४ वर स्क्रीनचे चारशेवर व्होल्ट आणि पिन ५ वर ग्रिड, दोन्ही शेजारी. प्रोब घसरला की खेळ खलास.

पहिला फेरा पॉवर ट्यूब काढून, पण फेज इन्व्हर्टरची ट्यूब जागेवर ठेवून, स्टँडबाय उघडून (म्हणजे ट्यूबचं उच्च व्होल्टेज, एचटी, चालू करून). त्या २२० के वर शून्य यायला हवं. व्होल्टचा काही अंश जरी दिसला तरी कपॅसिटर गळतोय, ६३० व्होल्टचा नवा पॉलिप्रॉपिलीन घाला. काही कपॅसिटर गरम झाल्यावरच गळतात, म्हणून लांबून हेअर ड्रायरची हवा देऊन पुन्हा बघा. ट्यूब नसताना एचटी वर चढतो, हा फेरा लवकर आटपा.

दुसरा फेरा ट्यूब घालून, वीस मिनिटं, नजर प्लेटवर. शून्यावरून आकडा हळूहळू चढत गेला तर ट्यूब दोषी. ०.२ व्होल्ट म्हणजे जेमतेम १ मायक्रोअँपिअर, तिथवर मी चालवून घेतो. १ व्होल्टच्या वर गेली तर ती ट्यूब माझ्याकडे कचऱ्यात जाते. हे माझे अंदाज आहेत, डेटाशीटचे नाहीत. प्लेट लाल दिसली की लगेच स्टँडबाय.

आणि हे सगळं करण्याआधी दोन्ही ट्यूबची सॉकेटं अदलाबदल करा. लाली ट्यूबबरोबर गेली की ट्यूब, जागेवरच राहिली की अँप. फुकटची टेस्ट आहे, पण 'गुड'ची चिठ्ठी हातात असली की सुचत नाही. मला ज्या दुकानाने ती चिठ्ठी दिली त्यांना ग्रिड करंट विचारला तर "तुम्ही सेटिंग चुकीचं केलंय" हे उत्तर, आणि टेस्टिंगचे पैसे वेगळे. असो.

एकदा प्लेट लाल झाली असेल तर स्क्रीनचे १ केचे रेझिस्टर मोजा, बहुधा त्यातला एक उडालेला किंवा वाढलेला निघतो. तो तसाच ठेवून बायस लावू नका. बायस: २५ वॉटचे (ईएल३४च्या प्लेटची मर्यादा) ७० टक्के म्हणजे १७.५, भागिले तुमचं प्लेट व्होल्टेज. ४५० ला सुमारे ३९ मिलिअँपिअर. कॅथोडला १ ओहमचा रेझिस्टर असेल तर तेवढेच मिलिव्होल्ट. त्यात स्क्रीनचा करंटही येतो, म्हणून खरं प्लेट डिसिपेशन (प्लेटवर उष्णता होणारे वॉट) थोडं कमीच असतं. मी ३५ वर थांबतो.

प्रीअँपच्या १२एएक्स७ साठी (छोटी ट्यूब, आत दोन स्वतंत्र भाग) टेस्टर शोधू नका. कॅथोडला १.५ के असेल तर त्यावर साधारण १.२ ते १.६ व्होल्ट हवेत. शून्याजवळ असले तर तो अर्धा भाग गेला. बाकी पेन्सिलीने टकटक करा, स्पीकरमधून घंटी वाजली की ती ट्यूब पहिल्या जागेवरून काढून फेज इन्व्हर्टरला द्या, तिथे बहुतेक वेळा निभावते.

पुढे लिहाल तेव्हा दोन्ही फेऱ्यांचे आकडे द्या, दोन्ही बाजूंचे वेगवेगळे, आणि ते चालू केल्यापासून किती मिनिटांनी घेतले तेही.