एसीची जाळी आणि गॅसची गोष्ट

घरातला पहिलाच एसी असेल, तर सर्व्हिसिंग होळीच्या आधी उरकून घ्या. एप्रिलमध्ये मेकॅनिक लवकर मिळत नाही. धूळ अडवणारी आतली जाळी (फिल्टर) मात्र स्वतःच धुवा. मेन स्विच बंद करून काढायची, साध्या पाण्याखाली धुवायची, सावलीत पूर्ण वाळवायची. उन्हात ती वाकडी होते. रोजचा वापर असेल तर दर 15 दिवसांनी. एसीतून घरात पाणी ठिबकलं तर बहुधा ड्रेन पाइप (पाणी बाहेर नेणारी नळी) तुंबलेला असतो.

आणि कृपा करून, ‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ हे ऐकू नका! थंडावा देणारा हा गॅस एसीच्या बंद नळ्यांतच फिरतो, वापरून संपत नाही. कमी झालाय म्हणजे गळती आहे. आधी ती शोधून बंद करायला लावा, मगच गॅसचे पैसे द्या.