रात्रीची बाटली

अंबडच्या कंपनीत शिफ्टमध्ये काम करणारी एक आई सातपूरहून आली होती. मुलगा अडीच वर्षांचा. त्याचे वरचे पुढचे चार दात हिरडीपाशी तपकिरी झाले होते आणि त्यावरून घरात रोज वाद. सासूबाई म्हणत, “दुधाचेच दात, पडणारच आहेत. खर्च कशाला?” दातांच्या डॉक्टरांनी तिला समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवलं. बसल्याबसल्याच तिने विचारलं, “मॅडम, मी कामाला जाते म्हणून झालं का हे?”

हा प्रश्न कितीतरी आया विचारतात आणि दर वेळी माझ्या पोटात तुटतं. आई कामाला गेली म्हणून दात किडत नाहीत. मी विचारलं, झोपताना काय घेतो? साखर घातलेलं दूध, बाटलीतून. रात्री उठला की पुन्हा. आई नसली की तेवढ्यानेच झोपतो, म्हणून आजी मायेने देत. झोपेत लाळ कमी सुटते. गोड दूध वरच्या दातांभोवती साचतं, जंतू त्या साखरेचं आम्ल करतात आणि त्याने दाताचं कवच झिजतं. खालचे पुढचे दात जिभेच्या आडोशाला असतात, म्हणून बरेचदा वाचतात. याचेही वाचले होते.

पुढच्या वेळी आजींना बोलावलं. घुश्शातच आल्या. बाटलीचा विषय मी काढलाच नाही; नातू जेवतो कसा, एवढंच विचारलं. “आधी पेरू दातांनी तोडायचा. आता फोड करून दिली तरी ढकलतो.” “दुखत असेल हो त्याला,” मी म्हटलं. आजी गप्प झाल्या. मग स्वतःच म्हणाल्या, “दूध मीच देते रात्री.”

तिथून बोलणं सोपं झालं. पुढचे दात सहा-सात वर्षांचा झाला की पडतील, पण दुधाच्या दाढा दहा-बाराव्या वर्षापर्यंत लागतात. किडून लवकर काढाव्या लागल्या तर शेजारचे दात सरकतात आणि पक्क्या दातांना जागा उरत नाही. हे आजींना कुणी सांगितलंच नव्हतं.

दूध संध्याकाळी, कपातून, बिनसाखरेचं. रात्रीच्या बाटलीत रोज थोडं पाणी वाढवत आठवडाभरात नुसतं पाणी. ब्रश सकाळी आणि झोपताना: आई आणि आजीने गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसायचं, पोराचं डोकं आजींच्या मांडीवर, हातपाय आईकडे. फ्लोराइडची पेस्ट तांदळाच्या दाण्याएवढीच. तीन वर्षांनंतर वाटाण्याएवढी. पिंपळगावच्या नातेवाइकांकडून मनुके येतात, तेही येताजाता नकोत, कारण ते दातांना चिकटून राहतात. द्यायचे तर जेवणासोबत.

बाळ लहान असेल तर आठवड्यातून एकदा वरचा ओठ उचलून बघा. हिरडीलगत खडूसारखा पांढरा पट्टा दिसला तर लगेच डॉक्टरांकडे जा. त्या टप्प्यावर कीड थांबवता येते. पहिला दात आला की घासायला लागा आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत एकदा दाखवून आणा.

तीन रात्री पोराने घर डोक्यावर घेतलं. आजी बधल्या नाहीत. डॉक्टरांनी दोन दात भरले, उरलेल्या दोनांना फ्लोराइडचा लेप दिला आणि तीन महिन्यांनी बोलावलं. कीड पुढे सरकली नव्हती. पण आई अजूनही फोटो काढताना त्याला तोंड मिटायला सांगते. तिच्याशी माझं बोलणं चालू आहे.