नर्सबाईंना विचारा

प्रश्न : नातवाला गोवर-रुबेलाची लस द्यायला उपकेंद्रात न्यायचंय. सून घाबरते. तिथलं काम नीट चालतं का, हे माझ्यासारख्या चौथी शिकलेल्या बाईनं कसं ओळखावं?
— एक आजी, भूम तालुका

उत्तर : आजी, मी 32 वर्षं बीड जिल्ह्यात एएनएम, म्हणजे उपकेंद्रातली नर्स, होते. शिक्षणाचं मनाला लावून घेऊ नका. लसीची भुकटी पाण्यात कालवण्याआधी बाटली दाखवा म्हणा. तिच्यावर गोल असतो, गोलात चौकोन. चौकोन गोलापेक्षा फिकट असेल तर ठीक. दोन्ही सारखे दिसले, किंवा चौकोन जास्त काळवंडला, तर उष्णतेनं लस वाया गेली; टोचू देऊ नका. एका एप्रिलात माझ्याच डब्यातला बर्फ पार वितळला होता आन् चौकोन गडद झाले होते. मी सत्र बंद केलं. कडेवर लेकरं घेऊन उन्हातान्हात आलेल्या बाया चिडल्या, मला रडू आलं. पण तीच लस टोचली असती तर त्या लेकरांना गोवरापासून राखण मिळालीच नसती.

ही लस एकदा कालवली की 4 तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. बाटलीवर वेळ लिहिलीय का बघा. सिरिंज तुमच्यासमोर पाकीट फोडून काढलेली हवी, आणि टोचल्यावर सुई लगेच कटरमध्ये कापली पाहिजे.

त्यानंतर अर्धा तास तिथंच बसा. बाईंनी "जा आता" म्हटलं तरी उठू नका.

काही खटकलं तर प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी कळवा, आशाताईंनाही सांगा. सुनेला सोबत न्या, बाटली तिलाच बघू द्या.