सोनकिडा की कासवकिडा?

गारवेलीच्या पानावर बसलेल्या सोनेरी किड्याचा फोटो आणि खाली प्रश्न, इंग्रजीत याला गोल्डन टॉर्टॉइज बीटल म्हणतात तर मराठीत सोनकिडा चालेल का?

माझ्या मते नको, कारण सोनकिडा हे नाव आधीच बुक आहे. हिरवागार, चकचकीत, बोटाच्या पेराएवढा, पोरं काडेपेटीत बाभळीचा पाला घालून पाळायची तो सोनकिडा. तो मेला तरी पंख तसेच चमकतात, म्हणून तर ते कापडावर शिवायचे पूर्वी. फोटोतला हा वेगळा, शास्त्रीय नाव अ‍ॅस्पिडिमॉर्फा सँक्टीक्रुसिस, फॅब्रिसियस या डॅनिश कीटकशास्त्रज्ञाने १७९२ साली नाव दिलेला. भारतापासून आग्नेय आशियापर्यंत सापडतो, गारवेल, बेशरम असल्या झाडांवर बघा. याचं सोनं ओलं असतं! मी एकदा डबीत ठेवला होता, दुसऱ्या दिवशी उघडून बघतो तर टरफलासारखा तपकिरी, मला वाटलं कुणी बदलला की काय. कवचाच्या थरांमधे ओल असते तोवरच ही चमक, वाळलं की गेली. पनामात याचा एक भाऊबंद आहे, त्याला डिवचलं की जिवंतपणीच सोनेरीचा लाल होतो, थरांतला द्रव सरकतो आणि खालचा लाल रंग दिसायला लागतो, २००७ मधे शास्त्रज्ञांनी ते उलगडून दाखवलं.

मग म्हणायचं काय? भुंगा म्हटलं की लाकूड पोखरणारा, गुणगुणणारा काळा भुंगा डोळ्यासमोर येतो. बीटलला शेतीवाले भुंगेरा म्हणतात तो शब्द अचूक आहे, पण 'कासवभुंगेरा' म्हणताना तोंड भरून येतं राव. ढालकिडा म्हणावं तर शील्ड बग या ढेकणांच्या गोतातल्या ढालीसारख्या किड्याशी घोळ होणार. म्हणून कासवकिडा, एक शब्द, जोडून. इंग्रजीतला टॉर्टॉइज (जमिनीवरचं) आणि टर्टल (पाण्यातलं) हा भेद आपल्याकडे नाहीच, दोन्ही कासवच, त्यामुळे तिथेही अडत नाही. आणि नाव शोभतंही, जरा धक्का लागला की पाय-मिशा आत ओढून पानाला असा चिकटतो की नख घालायला फट मिळत नाही, कवचाची कड मात्र पारदर्शक, खालचं हिरवं पान आरपार दिसतं.

अडचण फक्त अळीची. ती शेपटीच्या काट्यावर स्वतःची विष्ठा नि टाकलेली कात छत्रीसारखी पाठीवर धरून फिरते, मुंगी आली की तीच पुढे करते. तिला कासव म्हणायला जीभ रेटत नाही.