पूरनकाशाला हरकत घ्यायची ती कोठे?

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत, रॅरिटन नदीच्या एका उपनदीजवळ, 2014 पासून स्वतःच्या घरात राहतो. घरावर बँकेचे कर्ज आहे. फेमाच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेच्या, नव्या प्राथमिक पूरनकाशात आमचे घर प्रथमच ‘एई’ पट्ट्यात, म्हणजे पुराचा मोठा धोका असलेल्या भागात, दाखवले आहे. 2021 च्या ‘आयडा’ वादळातही पाणी मागच्या कुंपणापाशी थांबले होते. वर्तमानपत्रात दुसरी जाहीर सूचना येऊन पाच आठवडे झाले. टाउनशिपच्या कौन्सिलने हा नकाशा फेटाळावा म्हणून शेजारी सह्या गोळा करत आहेत. मी सही करावी का? एकट्याने हरकत घेता येते का? पूरविमा कधीपासून सक्तीचा होईल? आम्ही मूळचे सांगलीचे, पूर आम्हांला नवा नाही. पण हा नकाशा चुकला आहे असे वाटते.

उत्तर : सही करण्यास कायद्याची आडकाठी नाही, परंतु त्या निवेदनाने नकाशावरची रेषा तसूभरही हलणार नाही, आणि ज्या मार्गाने ती हलू शकते त्या मार्गाची मुदत संपण्यास आता आठ आठवडेही उरलेले नाहीत.

आपल्या शेजाऱ्यांचा समज असा दिसतो की नकाशा कौन्सिलच्या मंजुरीसाठी येणार आहे. तसे नाही. राष्ट्रीय पूरविमा योजना 1968 च्या केंद्रीय कायद्यावर उभी आहे आणि पूरपातळी ठरवण्याचा अधिकार फेमाचा आहे. हरकतींचा निकाल लागल्यावर फेमा टाउनशिपला अंतिम निर्णयाचे पत्र धाडते. त्यानंतर सहा महिन्यांनी नकाशा अंमलात येतो, आणि तेवढ्या अवधीत टाउनशिपने नव्या नकाशाचा आधार घेणारा, पूरक्षेत्रातील बांधकामाचे नियम घालून देणारा ऑर्डिनन्स संमत करावा लागतो. (ऑर्डिनन्स म्हणजे येथे राज्यपालांचा अध्यादेश नव्हे, स्थानिक उपविधी.) न्यू जर्सीत त्याची दोन वाचने होतात, दुसऱ्या वाचनाच्या वेळी जाहीर सुनावणी असते, आणि सभागृह भरते ते नेमके त्या संध्याकाळी, म्हणजे हरकतीची मुदत संपून बराच काळ लोटल्यावर. कौन्सिलने ऑर्डिनन्स फेटाळलाच तर टाउनशिप योजनेतून निलंबित होते. मग गावात कोणालाही योजनेचा नवा विमा मिळत नाही, जुन्याचे नूतनीकरण होत नाही, आणि पूरपट्ट्यातील घरांना केंद्र सरकारच्या हमीची गृहकर्जे बंद होतात. ज्यांच्या घरात आयडाचे पाणी खरोखर शिरले, त्यांचे नुकसान यात सर्वाधिक होईल.

आता आपल्या हरकतीविषयी. दुसरी सूचना प्रसिद्ध झाल्यापासून 90 दिवस अपिलाची मुदत असते. घरमालक म्हणून आपण स्वतः अपील करू शकता. मात्र ते थेट फेमाकडे न पाठवता टाउनशिपच्या प्रमुखाकडे किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यालयाकडे द्यावे लागते. टाउनशिप ते तपासते, स्वतः त्यात सामील होणार की नाही हे ठरवते आणि पुढे पाठवते. अपिलाचे कारण एकच चालते : फेमाची आकडेवारी शास्त्रीय किंवा तांत्रिकदृष्ट्या चुकीची आहे. घराची किंमत उतरेल, हप्ता परवडणार नाही, आजवर पाणी आले नाही, ही कारणे माणूस म्हणून मला पटतात, पण अपिलात ती ग्राह्य धरली जात नाहीत. आयडाचा आपला अनुभव खरा असला तरी तो एका वादळाचा आहे. नकाशा दरवर्षी 1 टक्का शक्यता असलेल्या पुराचा आहे. सांगलीत आपण जिला लाल रेषा म्हणतो, जवळपास तीच ही. एक टक्का किरकोळ वाटतो, पण 30 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात तो एकदा तरी घडण्याची शक्यता सुमारे 26 टक्के भरते.

उपयोगी पडेल तो जमिनीच्या उंचीचा पुरावा. पूरपातळी बरोबर असूनही ती नकाशावर उतरवताना जमिनीचा चढउतार चुकीचा धरला गेला असेल, तर परवानाधारक सर्वेअर किंवा अभियंत्याने प्रमाणित केलेल्या अधिक अचूक मोजणीच्या आधारे पट्ट्याची सीमा बदलून मागता येते. सह्यांसाठी फिरणाऱ्या शेजाऱ्यांनी वर्गणी काढून संपूर्ण गल्लीची मोजणी करून घेतली तर टाउनशिपही अपिलात सामील होण्याची शक्यता वाढेल. टाउनशिप सामील झाली आणि फेमाशी मतभेद राहिलाच, तर स्वतंत्र तज्ज्ञांच्या शास्त्रीय निवाडा मंडळाकडे प्रकरण नेण्याची मागणी तिला करता येते. अंतिम निर्णयाविरुद्ध फेडरल जिल्हा न्यायालयात जाण्यास 60 दिवस असतात, पण ती वाट अपील केलेल्यालाच खुली आहे.

अपील फसले किंवा मुदत हुकली तरी एक मार्ग उरतो. घराच्या भिंतीलगतच्या नैसर्गिक जमिनीची सर्वांत कमी उंची पूरपातळीइतकी किंवा तिच्याहून अधिक असेल, तर नकाशा लागू झाल्यावर ‘लोमा’, म्हणजे नकाशा दुरुस्तीचे पत्र, मागता येते. त्यासाठी फेमा शुल्क घेत नाही, खर्च सर्वेअरचा.

विम्याची सक्ती प्राथमिक नकाशावरून नव्हे, लागू झालेल्या नकाशावरून होते, आणि तीही इमारत पट्ट्यात असेल तर. केवळ परसदार पट्ट्यात गेले म्हणून नव्हे. नकाशा लागू झाल्यावर बँक नोटीस देईल आणि 45 दिवसांत विमा न घेतल्यास स्वतः तो घेऊन खर्च आपल्यावर टाकेल. हा विमा बहुधा महाग पडतो. 2021 पासूनच्या दरपद्धतीत हप्ता पट्ट्यावरून ठरत नाही, परंतु नव्याने पट्ट्यात आलेल्या घराने नकाशा लागू झाल्यापासून वर्षभरात पॉलिसी घेतली तर सवलतीचा हप्ता मिळतो. ती वेळ दवडू नये. लोमा मिळाल्यावर कायद्याची सक्ती जाते, तरी बँक स्वतःच्या अटीवर विमा मागू शकते.

सर्वेअरला या आठवड्यातच बोलवावे आणि उंची 1988 च्या संदर्भपातळीत (उंची जिथून मोजतात त्या ठरीव शून्यपातळीत) मोजून मागावी. आपल्या घराची जुनी कागदपत्रे 1929 च्या पातळीतील असू शकतात. न्यू जर्सीत या दोहोंत फुटाच्या आसपास फरक पडतो, आणि आपले प्रकरण कदाचित तेवढ्याच फुटावर अडलेले असेल.